हवाई चप्पल कुणी शोधली? या प्रश्नाने संशोधन का अडतं

समजा, मुलाखतीत तुम्हाला विचारलं, "हवाई चपलेचा इतिहास लिहायचाय, सुरुवात कुठून कराल?" बहुतेक जण म्हणतील, ती कुणी आणि कधी शोधली ते बघू. शोधलंत तर उत्तरं मिळतातही. कुणी इजिप्त म्हणतं, कुणी जपान, कुणी ब्राझील. न्यूझीलंडवाले तर 'जँडल' या नावाचा १९५७ सालचा ट्रेडमार्क पुढे करतात. गंमत म्हणजे यातलं प्रत्येक उत्तर थोडं थोडं बरोबर आहे. मग अडतं कुठे? प्रश्नात. आपण चार वेगळ्या गोष्टी एकाच 'शोधली' या शब्दात कोंबतोय. त्या सुट्या करून बघू.

पहिली गोष्ट, आकार

अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामधून जाणारा पट्टा, टाच मोकळी. हा आकार फार जुना आहे. इजिप्तचा राजा तुतनखामेन इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातला. १९२२ मध्ये सापडलेल्या त्याच्या थडग्यात अशा पट्ट्याच्या चपला होत्या. आपल्या खडावांना त्याच जागी खुंटी असते, कोल्हापुरीला अंगठा असतो. जपानची झोरी भाताच्या पेंढ्याची, पण तिचा पट्टाही तिथूनच जातो.

मग हे सगळे एकमेकांकडून शिकले का? घाई करू नका. जिथे उकाडा आहे, चिखल आहे आणि घरात शिरताना पायातलं काढायची रीत आहे, तिथे चटकन निघणारी चप्पल लोक आपापलीही बनवू शकतात. दोन गोष्टी सारख्या दिसल्या म्हणजे उसनवारी सिद्ध झाली असं नाही. त्यासाठी वाटेतला पुरावा लागतो.

दुसरी गोष्ट, माल

कच्चं रबर उन्हात चिकट होतं आणि थंडीत कडक. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरला आढळलं की गंधकाबरोबर तापवलं तर ही अडचण जाते. रबराच्या लांब साखळ्या एकमेकींना जागोजागी बांधल्या जातात. हवाईच्या तळव्यासाठी आणखी एक पायरी लागते. रबरात गंधकाबरोबर वायू सोडणारं रसायन मिसळून ते दाबाखाली तापवतात. दाब काढला की तो तक्ता फुगतो. आत असंख्य बंद बुडबुडे राहतात, म्हणून तो हलका आणि मऊ असतो आणि पाणी पीत नाही. मग साच्याने तळवे कापायचे, तीन भोकं पाडायची आणि पट्टा ओवायचा. संपलं.

कल्याणच्या पावसाळ्यात याचा अर्थ वेगळा सांगायला नको. चामड्याची चप्पल भिजली की दोन दिवस वाळत नाही. ही झटकली की तुम्ही लोकल पकडायला मोकळे.

आता एक बाजूचं उदाहरण बघा. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुष्ठरुग्णांच्या पायांवर काम केलं. संवेदना गेलेल्या पायावर एकाच जागी दाब पडत राहिला की जखम होते. तो दाब पसरवण्यासाठी असंच बुडबुड्यांचं रबर वापरात आलं. पण त्या रुग्णांना अंगठ्यात पकडायची चप्पल चालत नाही. पायातून निसटली तरी त्यांना कळत नाही, म्हणून मागेही पट्टा लागतो. माल त्याच जातीचा, आकार वेगळा. म्हणजे दोघांचे इतिहास वेगळे लिहावे लागतील.

तिसरी गोष्ट, नाव

'हवाई' म्हणजे हवेसारखी हलकी, असं आपल्याकडे सर्रास सांगतात. पण नावामागे प्रशांत महासागरातली हवाई बेटं आहेत. १८८५ पासून जपानी मजूर करारावर तिथल्या उसाच्या मळ्यांत गेले आणि त्यांच्याबरोबर झोरीही गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानची रबरी झोरी जगभर विकली जाऊ लागली. १९६२ मध्ये ब्राझीलमध्ये 'हवायानास' आली. पोर्तुगीजमध्ये त्याचा अर्थ हवाई बेटांवरच्या बायका. त्या चपलेच्या तळव्यावर तांदळाच्या दाण्यांसारखी नक्षी असते, ती झोरीची आठवण. भारतात तर 'रबरी हवाई चप्पल' हे नाव सरकारी मानकातही आहे, आयएस १०७०२.

हलकेपणाचा अर्थ मग टाकून द्यायचा का? नाही, तोही पुरावाच आहे. २०१७ मध्ये सिमल्यात उडान योजनेच्या वेळी पंतप्रधान मोदी म्हणाले की हवाई चप्पल घालणारेही हवाई जहाजात दिसले पाहिजेत. बेटांचा अर्थ लोक विसरले होते, म्हणूनच ही कोटी जमली.

आणि आपल्या भागातलं बघा. वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांकडे होती. मराठीतला 'सपाता' हा शब्द त्यांच्या 'सापातो'वरून आला. म्हणजे पायातल्या वस्तूला पोर्तुगीज नाव मिळायची आपली ओळख ब्राझीलपेक्षा कितीतरी जुनी.

चौथी गोष्ट, पाय

ही सगळ्यात महत्त्वाची, आणि हीच बहुतेक लेखांतून सुटते. ही चप्पल कुणाच्या पायात गेली? त्याआधी त्या पायात काय होतं?

गावगाड्यात वहाणा चांभार करायचा, तो बलुतेदार, आणि मोबदला धान्यात मिळायचा. कितीतरी गावांत दलितांना सवर्णांच्या वस्तीतून जाताना वहाणा काढून हातात घ्याव्या लागत. चप्पल घालणं हा हक्काचा प्रश्न होता. मग कारखान्यातली रबरी चप्पल आली. १९७५ मध्ये केरळात कोट्टायमला पॅरागॉन सुरू झाली. रबर बोर्डाचं मुख्यालयही तिथलंच, त्यामुळे कच्चा माल दाराशी. पुढच्याच वर्षी दिल्लीत रिलॅक्सो. ही चप्पल दुकानात रोख मिळते, चामड्याची नसते, कुणी केली ते कळत नाही.

इथे एक गृहीतक मांडता येतं: या चपलेने घालणाऱ्याला जुन्या नात्यातून थोडं मोकळं केलं, आणि त्याच वेळी करणाऱ्याचं गिऱ्हाईक नेलं. हे खरं की खोटं? मला तरी हे 'कुणी शोधली'पेक्षा मोठं काम वाटतं. दुकानांच्या जुन्या वह्या, चर्मकार कुटुंबांच्या मुलाखती, दलित आत्मकथनं, एवढं घेऊन बसलात तर एका प्रबंधाची सामग्री होते.

आणि हा प्रश्न जुना झालेला नाही. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेले शेतकरी कसारा घाट उतरून शहापूर, भिवंडी, ठाणे असे आपल्या जिल्ह्यातूनच चालत मुंबईला गेले. सुमारे १८० किलोमीटर, सहा दिवस. त्यांच्या सोललेल्या तळव्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिले. मुंबईकरांनी पाण्याबरोबर त्यांना चपलाही आणून दिल्या. जी वस्तू आपण 'सगळ्यांकडे असतेच' म्हणतो, ती किती किलोमीटर टिकते, हाही इतिहासाचाच प्रश्न आहे.

तुमच्या विषयातही एखादा 'कुणी शोधलं' असेल. सिनॉप्सिस लिहायच्या आधी त्याचे असे तुकडे करून बघा: आकार, माल, नाव, वापरणारा. प्रत्येक तुकड्यासमोर त्याचा पुरावा कुठे मिळेल ते लिहा. ज्या तुकड्यासमोरची जागा रिकामी राहील, तिथून वाचायला सुरुवात करा.