वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकाची जबाबदारी: रुग्णांनी काय माहीत करून घ्यावे?

गेवराईच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा बीडच्या एखाद्या खासगी दवाखान्यात तुम्हाला औषध, लस किंवा ऑपरेशन सुचवले जाते, तेव्हा त्यामागे कुठेतरी छापलेला अभ्यास असतो. निदान असायला हवा. असे अभ्यास वैद्यकीय नियतकालिकांत छापले जातात. कोणता अभ्यास छापायचा, कोणता परत पाठवायचा आणि छापल्यावर चूक निघाली तर काय करायचे, हे संपादक ठरवतो. त्याची आणि तुमची गाठ कधी पडत नाही. तरीही त्याने कामात ढिलाई केली तर तिची झळ तुमच्या घरापर्यंत येऊ शकते. मुंबईतून निघणाऱ्या एका नियतकालिकात २०१८ साली जे घडले, त्यावरून हे नीट समजते.

गेवराई भागात हा प्रश्न जवळचा का?

दसरा-दिवाळीच्या सुमारास या तालुक्यातली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला जातात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या जात असल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. तीन वर्षांत जिल्ह्यातल्या खासगी रुग्णालयांत अशी ४,६०५ ऑपरेशन्स झाल्याचे तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत सांगितले. चौकशीसाठी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. यातल्या अनेक बायका चाळिशीच्या आतल्या होत्या. पांढरे जाणे, कंबर दुखणे, पाळीत जास्त जाणे अशा तक्रारी घेऊन त्या गेल्या होत्या आणि ‘पिशवी खराब झाली आहे, कॅन्सर होईल’ असे आपल्याला सांगितले गेले, असे त्यांच्यातल्या अनेकींचे म्हणणे होते.

पांढरे जाण्याचे कारण बहुतेक वेळा साधा जंतुसंसर्ग असते आणि तो औषधांनी बरा होतो. पण कॅन्सर हा शब्द एकदा कानावर पडला की माणूस दुसरे काही ऐकत नाही. भीती अशी मुरलेली असते तिथे ‘लसीमुळेच गर्भाशयमुखाचा कॅन्सर वाढतो, मोठ्या डॉक्टरी मासिकात छापून आले आहे’ असा मोबाइलवरचा मेसेज फार लवकर खरा वाटू लागतो.

२०१८ मध्ये काय झाले?

‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ हे नियतकालिक मुंबईतल्या डॉक्टरांनी आणि कार्यकर्त्यांनी १९९३ मध्ये सुरू केले. वैद्यकीय व्यवसायातल्या गैरप्रकारांवर निर्भीडपणे लिहिणारे म्हणून त्याचे देशभर नाव आहे. एप्रिल २०१८ च्या अखेरीस त्यात एक लेख आला. स्वीडनमध्ये गर्भाशयमुखाचा कॅन्सर वाढतो आहे आणि त्याचा संबंध एचपीव्ही लसीशी असू शकतो, असा त्याचा सूर होता. लेखक म्हणून लार्स अँडरसन हे नाव होते आणि पत्ता होता स्टॉकहोमच्या प्रसिद्ध कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटचा.

संस्थेने कळवले की या नावाचा कोणी लेखक आमच्याकडे नाही. नाव खोटे होते आणि पत्ताही. संपादकांनी विचारल्यावर लेखकाने आपली खरी ओळख त्यांना सांगितली आणि त्रास होईल या भीतीने टोपणनाव घेतल्याचे कारण दिले. नियतकालिकाने आधी दुरुस्तीची टीप टाकून लेख तसाच ठेवला. त्यावर जोरदार टीका झाली. अखेर मे महिन्यातच लेख मागे घेण्यात आला आणि तो ठेवण्याचा निर्णय चुकला होता, हे संपादकांनी जाहीरपणे मान्य केले. तेव्हा डॉ. अमर जेसानी संपादक होते.

खोट्या नावाइतकाच लेखातला तर्कही कच्चा होता. देशाचे एकूण आकडे एका बाजूला आणि लसीकरण दुसऱ्या बाजूला ठेवून त्यांचा संबंध जोडला होता. आजारी पडलेल्या बायकांपैकी कोणी लस घेतली होती आणि कोणी नाही, हे तपासलेच नव्हते. आपल्याकडे ‘मोबाइलचे टॉवर आले आणि पाऊस पळाला’ असे म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

त्याच स्वीडनमध्ये पुढे नीट अभ्यास झाला. १० ते ३० वयोगटातल्या सुमारे १६ लाख ७० हजार मुली आणि स्त्रियांच्या नोंदी एकेक करून जुळवल्या गेल्या. २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष छापले गेले: १७ वर्षांच्या आत लस घेतलेल्या मुलींमध्ये हा कॅन्सर लस न घेतलेल्यांपेक्षा ८८ टक्क्यांनी कमी होता.

मग संपादकाने काय करायला हवे?

पहिले म्हणजे लिहिणारा कोण आहे, याची खात्री. लेखकाच्या जिवाला किंवा नोकरीला धोका असेल तर त्याचे नाव झाकता येते. पण ते झाकले आहे हे वाचकाला उघडपणे सांगायला हवे. खोट्या संस्थेचे नाव लावणे ही वाचकाची फसवणूक आहे, कारण आपण संस्थेच्या नावावरही विश्वास टाकतो.

छापण्याआधी लेख त्या विषयाच्या जाणकारांकडून तपासून घेणे हे दुसरे काम. लेखकाला औषध कंपनीकडून पैसे मिळतात का, हेही विचारावे लागते. रुग्णांवर प्रयोग झाला असेल तर नैतिकता समितीची परवानगी होती का आणि प्रयोगाची आधी नोंदणी झाली होती का, हे पाहावे लागते. भारतात अशी नोंदणी २००७ मध्ये सुरू झाली आणि औषधांच्या चाचण्यांसाठी २००९ पासून सक्तीची आहे. आधी नोंद असली की गैरसोयीचा निकाल गुपचूप दडपणे अवघड जाते. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकेही आहेत. त्यांच्याकडून यातले काहीच होत नाही.

माझ्या मते संपादकाची खरी परीक्षा छापल्यानंतर असते. ‘लॅन्सेट’ या इंग्लंडच्या नामवंत नियतकालिकाने १९९८ मध्ये फक्त १२ मुलांवरचा एक लेख छापला. त्यामुळे गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या लसीने ऑटिझम होतो, अशी भीती पसरली. तो लेख पूर्णपणे मागे घ्यायला २०१० साल उजाडले. मधल्या काळात तिथले लसीकरण घटले आणि गोवर परतला. मुंबईच्या नियतकालिकाला चार आठवडेही लागले नाहीत. चूक छापणे वाईटच. पण ती कबूल करून वेळेत मागे घेणारे नियतकालिक मला जास्त भरवशाचे वाटते.

तुमची केस छापायची असेल तर

डॉक्टर कधी कधी एखाद्या रुग्णाची दुर्मीळ केस फोटोसह छापायला पाठवतात. रुग्ण ओळखू येणार असेल तर त्याची लेखी संमती होती का, हे पाहणे संपादकाचे कर्तव्य आहे. फोटोत डोळ्यांवर काळी पट्टी मारली की झाले, असा समज अजून दिसतो. वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या नियमांनुसार तेवढे पुरेसे नाही. आणि लहान गावात तर फोटोचीही गरज नसते. ‘गेवराई तालुक्यातली २८ वर्षांची ऊसतोड कामगार, दोन मुली, पिशवी काढलेली’ एवढे लिहिले तरी वाडीवस्तीवर ती कोण हे कळते.

म्हणून कागद समोर आला की तो मराठीत वाचून दाखवायला सांगा. उपचाराची संमती आणि छापण्याची संमती वेगळी असते. एका सहीत दोन्ही उरकू देऊ नका. काय छापणार, ते आधी पाहायला मागा. तुम्ही नकार दिलात म्हणून उपचार थांबवता येत नाहीत. छापून होण्याआधी संमती परत घेता येते. एकदा लेख इंटरनेटवर गेला की तो पूर्णपणे पुसणे जवळपास अशक्य असते.

‘संशोधनात सिद्ध झाले’ असा मेसेज आला तर

मेसेजमध्ये लेखाचे आणि नियतकालिकाचे नाव, निदान साल आहे का, ते बघा. नसेल तर तो बाजूला ठेवा. असेल तर तुमच्या डॉक्टरांना किंवा वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या ओळखीच्या मुलामुलीला ‘पबमेड’ या मोफत संकेतस्थळावर तो शोधायला सांगा. मागे घेतलेल्या लेखावर तिथे तशी ठळक सूचना असते. लेख नाहीसा केला जात नाही, सूचनेसह ठेवला जातो. त्यामुळे जुनी प्रत सूचना कापून फिरवणे सोपे असते.

एचपीव्ही लसीबद्दल शंका असेल तर ९ ते १४ वर्षांच्या मुलींसाठी ती सर्वांत उपयोगी आहे, एवढे लक्षात ठेवून डॉक्टरांशी बोला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या लसीला २०२२ मध्ये भारतात परवानगी मिळाली आहे. लस घेतली तरी पुढे तपासणी लागतेच. ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी सरकारी कार्यक्रमात गर्भाशयमुखाची साधी तपासणी असते, तिला भूल लागत नाही आणि ती काही मिनिटांत होते. ऊसतोडीला निघण्याआधी ती करून घेतलेली बरी. आणि फक्त पांढरे जाते म्हणून कोणी पिशवी काढायला सांगितले, तर सही करण्याआधी ही तपासणी झाली आहे का ते विचारा आणि सरकारी रुग्णालयातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांचे मत घ्या.