चुऱ्याची गोष्ट : सुकडीपासून क्रंबलपर्यंत



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखादी पाककृती लिहून द्यावी, असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा मी लगेच होकार दिला. मी लेखिका नव्हे. पण चार पदार्थ बरे जमतात, एवढा लौकिक आपल्या आळीत आहे. फळांचा ‘क्रंबल’ लिहावा असे ठरवून मी कागद-पेन घेऊन बसले. लिहिता लिहिता मात्र ध्यानात आले की, या पदार्थाला इतिहास आहे, आणि त्यातला निम्माअधिक आपल्या पारनेर तालुक्याच्या मातीतला आहे. म्हणून पाककृती शेवटी देते. आधी इतिहास सांगते. वाचकांनी गोड मानून घ्यावा.

गेल्या दिवाळीत धाकटी सून पुण्याहून आली होती. भावाच्या विहिरीवरचे पेरू टोपलीभर आलेले. तिने त्यांच्या फोडी केल्या, वर पीठ, लोणी नि साखर यांचा भुगा पसरला आणि ओव्हनमध्ये ठेवले. “आई, याला क्रंबल म्हणतात. क्रंबल म्हणजे चुरा,” असे सांगून तिने वाटी पुढे केली. मी पहिला घास घेतला, आणि माझा हात तिथेच थांबला. सुनेला वाटले, बिघडले की काय! बिघडले काहीच नव्हते. त्या भाजलेल्या गोड चुऱ्याची चव मी ओळखली होती. बावन्न वर्षांपूर्वी खडीच्या ढिगाशेजारी बसून मी ती चाखली होती. ती सुकडीची चव होती.

मग हा पदार्थ मूळचा कुणाचा, याचा मी शोध घेतला. अमेरिकेत सफरचंदावर चुरा पसरून भाजण्याच्या कृती १९२० नंतरच्या पुस्तकांतून छापलेल्या आढळतात. परंतु घरोघरी तो गेला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, इंग्लंडमध्ये. त्यापूर्वी तिकडे फळांचा ‘पाय’ करीत. पीठ लोण्यात मळायचे, लाटायचे, तळाला एक पोळी, वर एक पोळी आणि मधे फळ. त्याला पीठ भरपूर लागते आणि लोणी त्याहून भरपूर. ८ जानेवारी १९४० रोजी तिकडे लोणी, साखर आणि डुकराचे खारवलेले मांस यांवर रेशन आले. बहुतेक काळ माणशी आठवड्याला लोणी दोन औंस, म्हणजे पन्नास-पंचावन्न ग्रॅम, आणि साखर आठ औंस, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅम मिळे. एवढ्यात पोळ्या लाटायच्या कशा? तेव्हा तिथल्या गृहिणींनी तळाची पोळी वगळली, वरचीही लाटायची सोडली. जेवढे लोणी किंवा मार्गारिन हाती आहे तेवढेच पिठात चोळायचे आणि तो चुरा फळावर भुरभुरायचा. लाटणे नाही, मळणे नाही. कमी पीठ, कमी लोणी. अंगणातली सफरचंदे मात्र रेशनवर नव्हती. पदार्थ उभा राहिला!

लॉर्ड वुल्टन हे त्या वेळचे अन्नमंत्री. त्यांच्या खात्याने असल्या काटकसरीच्या कृतींची पत्रके काढली, आणि रेडिओवर ‘किचन फ्रंट’ नावाचा कार्यक्रम गृहिणींसाठी रोज सकाळी लागे. लढाई जशी रणांगणावर तशी ती चुलीपुढेही लढली जाते, असा त्या नावाचा अर्थ. युद्ध १९४५ साली संपले, पण रेशन जुलै १९५४ पर्यंत रेंगाळले. चौदा वर्षांत मुलांच्या तोंडी चव बसली, ती बसलीच. टंचाईतली तडजोड सणाच्या ताटात जाऊन बसली.

आपल्याकडेही त्याच युद्धाने १९४३ साली मुंबईत धान्याचे रेशन आणले. त्या वेळच्या गोष्टी आपल्या आज्यांनी सांगितलेल्या अनेकींना आठवत असतील. माझी स्वतःची आठवण मात्र पुढची, १९७२ ची.

पारनेर तालुका पर्जन्यछायेतला. पाऊस सह्याद्रीवर सांडून मोकळा होतो नि आपल्या वाट्याला ढगांची सावली येते. सत्तर-एकाहत्तरपासून पावसाने डोळे वटारले होतेच. बहात्तरला तो फिरकलाच नाही. विहिरींनी तळ दाखवला, बाजरी वाफ्यातच करपली. रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी आली, तिला सगळे ‘मिलो’ म्हणत. तिची भाकरी थापताना काठ चिरत, आणि गिळताना घास घशात अडे. सरकारने दुष्काळी कामे काढली : रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग, खडी फोडणे. मे १९७३ मध्ये साऱ्या महाराष्ट्रात अशा कामांवर पन्नास लाखांच्या जवळपास माणसे होती. त्यांत माझी आई होती.

मी तेव्हा बारा वर्षांची. आई खडी फोडी आणि मी बाभळीला बांधलेल्या झोळीतल्या धाकट्या बहिणीला झोका देई. दुपारी सुकडी वाटली जाई. गव्हाचे भाजलेले पीठ, गूळ आणि तेल यांचा तो कोरडा चुरा. कागदावर नाही, द्रोणात नाही. पदर पसरायचा आणि त्यात ती ओंजळ घ्यायची. प्रमाणाचा मेळ रोज निराळा. एके दिवशी तेल खवट, एके दिवशी गूळ नुसता नावाला. वाटणारा कधी हात आखडता घेई; त्याच्याशी वाद घालण्याची कुणाची ताकद नव्हती. आई आपल्या वाट्यातले दोन घास मोडल्यासारखे करी आणि उरलेली गाठ मारून आमच्यासाठी ठेवी. “मला भूक न्हाई,” असे ती म्हणे. बारा वर्षांच्या मुलीला ते खरे वाटे.

एकदा सुकडी फारच फिकी लागली म्हणून मी तोंड वाकडे केले. तेव्हा आई जे म्हणाली ते मी विसरलेले नाही. “गुळाकडं नको बघू. पीठ खरपूस भाजलं असंल तर थोड्या गुळात बी गोड लागतंय. ह्यांनी पीठच कच्चं ठेवलंय.” अंगावर खडीची धूळ, हाताला फोड, आणि तरी तिच्यातली सुगरण जागी होती! दुष्काळाने तिची भाकरी हिरावली, पण तिची जीभ आणि तिचे ज्ञान त्याला हिरावता आले नाही.

दुष्काळ सरला. पण आईने घरात पुन्हा सुकडी होऊ दिली नाही. दिवाळीला करंज्या, अनारसे सारे होई. कुणी सुकडीचे नाव काढले तर ती उठून जाई. मीही लग्नानंतर सासरी कधी तिचा उल्लेख केला नाही. खडीवर वाढलेली पोर म्हणून कुणी बोट दाखवील, ही भीती होती. आज हे छापून येणार आहे. आई असती तर तिला आवडले असते की नाही, मला सांगता येत नाही.

इतिहासाचा दुसरा धागा इथेच सुरू होतो. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यात एक प्रयोग करविला होता : जो अंगमेहनत करायला तयार आहे, त्याला काम मिळालेच पाहिजे. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९७२ मध्ये तीच कल्पना रोजगार हमी योजना म्हणून राज्याने घेतली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. कामावर बायकांची संख्या पहिल्यापासून मोठी होती. दारात काम आणि हातात स्वतःचा पगार ही गोष्ट अनेकींच्या आयुष्यात प्रथमच घडत होती. पुढे २००५ साली केंद्राने देशासाठी असा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचाच अनुभव त्याच्या पाठीशी होता. आमच्या आयांनी फोडलेली खडी दिल्लीपर्यंत पोचली, असे मी म्हणते.

या योजनेला १९९० साली फळबागेची जोड मिळाली. शेतकऱ्याने आपल्याच रानात खड्डे खणायचे, रोपे लावायची, आणि त्याची मजुरी व रोपांचा खर्च सरकारने द्यायचा. रोपे जगवली तर पुढचा हप्ता. नगर जिल्ह्यात आणि शेजारच्या सोलापूर-पुण्याकडे डाळिंब, बोर, सीताफळ या कमी पाण्याच्या फळांना त्यामुळे मोठे बळ आले. माझ्या थोरल्या भावाने १९९२ साली एक एकर ‘गणेश’ डाळिंब लावले. हे वाण पुण्याच्या गणेशखिंडीतले, म्हणून त्याचे नाव गणेश. बांधावर सीताफळे आणि विहिरीशी पेरूची दोन झाडे. त्या बागेचे खड्डे खणायला आई गेली होती. तिचे वय तेव्हा साठीच्या घरात. शनिवारी मजुरी हाती आली तेव्हा ती नोटा न मोजता तशीच बसून राहिली. “आपल्याच रानात राबायचं आन् वरून पैसं,” एवढेच बोलली, आणि पदराने डोळे पुसले. पुढे डाळिंबावर तेल्या आला आणि बाग काढावी लागली, हेही सांगितले पाहिजे. विहिरीवरचे पेरू मात्र अजून उभे आहेत.

आता तुमच्या ध्यानात आले असेल, माझा हात वाटीशी का थांबला. वर सुकडी होती, १९७२ ची. खाली पेरू होते, १९९२ च्या बागेतले. वीस वर्षांचे अंतर एका चमच्यात आले होते.

आता कृती. चौघापाचांसाठी पाऊण किलो पिकलेले पण घट्ट पेरू घ्यावेत. बियांचा गाभा काढून फोडी कराव्यात. पेरूला आंबटपणा बेताचा; म्हणून अर्ध्या लिंबाचा रस आणि दोन चमचे साखर. हाताशी आंबटगोड बोरे असली तर बिया काढून मूठभर घालावीत, मग लिंबू नको. झाकण ठेवून मंद आचेवर फोडी मऊ कराव्यात, लगदा करू नये. पेरूचा रस आपोआप दाट होतो, त्याला पीठ लावण्याची गरज नाही. रस फार सुटला तर झाकण काढून आटवावा. सीताफळ मात्र शिजवू नये, उष्णतेने ते कडवट होते. डाळिंबाचे दाणेही शेवटी वरून कच्चेच पेरावेत.

चुऱ्याचे मूळ प्रमाण वजनाने असे : पीठ दोन भाग, लोणी एक भाग, साखर एक भाग. आपण तूप घेतो, आणि तुपात पाणी नसते, म्हणून ते लोण्याहून थोडे कमी घ्यावे. कणीक १०० ग्रॅम, ताजे बाजरीचे पीठ ५०, थिजलेले तूप ६०, किसलेला कोरडा गूळ ७५. बाजरी चुऱ्याला भुसभुशीत ठेवते, पण पीठ शिळे असले तर कडू लागते. तूप बोटांच्या टोकांनी पिठात चोळावे. तळहात लावला की तूप वितळते. पाण्याचा थेंब घालू नये, मळू तर मुळीच नये. तुपाने पिठाचा कण वेढला की तो दुसऱ्याला चिकटत नाही, सारा खुसखुशीतपणा त्यात आहे.

ओव्हन असेल तर फळावर चुरा पसरून १८० अंशांवर पस्तीस-चाळीस मिनिटे ठेवावे, गूळ चुऱ्यातच मिसळावा. ओव्हन नसेल तर झाकलेल्या कढईत भाजू नका. मी पहिल्यांदा तसे केले आणि वाफेने वरचा थर ओला लगदा झाला. पाहुण्यांपुढे फजिती झाली. त्यापेक्षा आईची रीत धरावी : तूप चोळलेले पीठ जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर खरपूस तांबूस होईपर्यंत परतावे, उतरवून जरा निवू द्यावे, मग गूळ मिसळावा. वाढतेवेळी वाटीत गरम फळ, त्यावर हा चुरा. फळ तीन वाट्या तर चुरा एक ते दीड वाटी, याहून अधिक नको. फळ गोड तर गूळ कमी. फळ आंबट तर थोडा जास्त. पण पीठ कच्चे राहिले, तर कितीही गूळ घातला तरी तोल सांभाळत नाही.

मागच्या महिन्यात मंडळाच्या सभेनंतर मी हाच पदार्थ सर्वांना दिला, तेव्हा नाव सांगितले नव्हते. वयाने मोठ्या अशा तिघी-चौघी घास घेऊन गप्प झाल्या. शेवटी एक आक्का हळूच म्हणाल्या, “ही तर कामावरची सुकडी!” आणि मग इतक्या वर्षांत जे कुणी बोलले नव्हते ते सगळ्या बोलू लागल्या. कुणाची आई कुठल्या तलावावर होती, कुणाची खडी फोडताना बोटे ठेचली, कुणी आपला वाटा कुणाला दिला. आमच्यापेक्षा तरुण मुली ऐकत बसल्या होत्या. सभा दिवेलागणीला उठली.

म्हणून विनंती एवढीच. हा पदार्थ घरी करा, आणि करताना मुलींना जवळ बसवा. पीठ तांबूस झाले की त्यांना वास घ्यायला सांगा, आणि तो वास कुठून आला, तेही सांगा.