शनिवारची रात्र

शनीला आपल्या ज्योतिषात ‘मंद’ असे एक नाव आहे. ते त्याच्या चालीवरून पडले. सूर्याभोवतीची एक फेरी पुरी करायला त्याला सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात. म्हणजे एका राशीत अडीच वर्षे आणि तीन राशींत मिळून साडेसात. साडेसातीचे सगळे गणित एवढेच. पण कारखान्याला टाळे लागून घरी बसलेल्या माणसाला ते कोणी सांगत नाही. साडेसाती सांगणारा मात्र त्याला हटकून भेटतो, आणि ग्रॅच्युइटीचा अर्ज हातात पडण्याआधी तेलाची बाटली पडते. अशा माणसाशी वाद घालण्यापेक्षा त्याला शनी दाखवावा, असे आम्हा युनियनच्या मंडळींना वाटत आले आहे.

म्हणून शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत आम्ही सहा इंची दुर्बीण घेऊन हिंडतो. पावसाळा सरला की कधी आसनगावच्या बाजूला, कधी टोकावड्याच्या पुढे माळशेजच्या वाटेवर, एखाद्या कापणी झालेल्या खाचरात ती मांडतो. नवखा माणूस नळीला डोळा लावतो आणि बहुधा एकच शंका काढतो: आत चित्र तर चिकटवले नाही ना? त्याला उत्तर देण्याची घाई आम्ही करीत नाही. दुर्बिणीला हात न लावता ठेवले, की थोड्याच वेळात शनी एका कडेला सरकत सरकत दिसेनासा होतो. पायाखालची पृथ्वी फिरते आहे, ती अशी कळते.

शनी पाहायला रानातलाच काळोख लागतो, हा समज मात्र खरा नव्हे. कल्याणातल्या चाळीच्या गच्चीवरूनही त्याची कडी दिसतात. तिथे हवा स्थिर असली म्हणजे झाले. काळोखाचा उपयोग होतो तो त्याच्या चंद्रांसाठी. टायटन सहज सापडतो. ऱ्हीया, डायोनी आणि टेथिस हे मंद ठिपके हेरायला डोळा अंधाराला सरावलेला हवा. टायटनची फेरी जवळजवळ सोळा दिवसांची. एका शनिवारी तो शनीच्या पूर्वेला पुरा लांब दिसला, तर पुढच्या शनिवारी पश्चिमेला दिसतो.

ही सारी माहिती गोळा कोणी केली, हे पाहू गेले तर मोठी गंमत आहे. गॅलिलिओने १६१० साली शनी पाहिला तेव्हा त्याला तीन गोळे शेजारीशेजारी असल्यासारखे वाटले. १६१२ साली बाजूचे दोन नाहीसे झाले आणि तो बुचकळ्यात पडला. हॉलंडच्या ह्यूगेन्सने भावाच्या मदतीने भिंगे घासली, १६५५ साली टायटन शोधला, आणि १६५९ साली छापून सांगितले की हे गोळे नसून ग्रहाला कुठेही न चिकटलेले पातळ कडे आहे. ते आपल्याकडे धारेने वळले की दिसेनासे होते. पुढे कॅसिनीने १६७१ ते १६८४ या काळात आणखी चार चंद्र शोधले. त्यांतला इयापेटस शनीच्या पश्चिमेला असताना दिसे, पूर्वेला गेला की हरवे. तेव्हा त्याची एक बाजू काळवंडलेली असली पाहिजे, हे त्याने बसल्या जागी ताडले.

विल्यम हर्शेल हा पेशाने वादक. घरीच आरसे घासून त्याने दुर्बिणी बांधल्या. एकदा सोळा तास आरशावरचा हात त्याला उचलता येईना, तेव्हा बहीण कॅरोलिन त्याला घास भरवीत होती. सोळा तासांचा दिवस आम्ही कुणालाच मंजूर करणार नाही. पण हा मालकाने लादलेला नव्हता, आणि बहिणीच्या कष्टाचीही पुढे कदर झाली, तिला राजाकडून वर्षाला पन्नास पौंड मिळू लागले. १७८९ साली कडी धारेवर आली असताना हर्शेलने मिमास आणि एन्सेलाडस हे दोन चंद्र शोधले. हायपेरियन १८४८ साली सापडला. त्याच्या शोधकांपैकी लॅसेल हा बिअर गाळण्याचा धंदा करणारा. आणि १९३३ च्या ऑगस्टमध्ये शनीवर उठलेला पांढरा डाग लंडनला प्रथम टिपला तो विल हे नावाच्या विनोदी नटाने. त्याची दुर्बीणही सहा इंचीच होती!

माळशेज चढून गेले की पुणे जिल्हा लागतो. तिथेही असा एक माणूस होऊन गेला. मुंबई इंजिनिअर्स या लष्करी पथकातला विल्यम जेकब. १८४२ साली त्याने पुण्यात स्वतःची वेधशाळा उभारली. पुढे मद्रास वेधशाळेचा प्रमुख असताना, १८५२ साली, शनीच्या आतल्या काळसर कड्यातून आरपार दिसते हे त्याने पाहिले. नऊ इंची भिंग घेऊन पुण्याजवळ उंचावर वेधशाळा काढायची म्हणून तो ८ ऑगस्ट १८६२ रोजी मुंबईत उतरला, आणि १६ तारखेला पुण्यात वारला.

या सगळ्यांजवळ रात्र होती, हे विसरता कामा नये. हर्शेलला राजाचे वेतन मिळाले, लॅसेलचा धंदा स्वतःचा होता. त्याच काळात मुंबईच्या गिरणीत उजाडल्यापासून मावळेपर्यंत राबणाऱ्या माणसाला आठवड्याची हक्काची सुट्टीही नव्हती. ती रविवारची सुट्टी १० जून १८९० रोजी मिळाली, ठाण्यात जन्मलेल्या नारायण मेघाजी लोखंड्यांच्या खटपटीने. दुसऱ्या दिवशी भोंगा नसेल तरच शनिवारची रात्र जागता येते. पुण्यात १९४४ साली निघालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था असो की १९८५ साली मुंबईत सुरू झालेले खगोल मंडळ असो, हौशी माणूस या सुट्टीवरच उभा राहिला आहे. कल्याण-कर्जत रेल्वेवरील वांगणीला खगोल मंडळाच्या रात्रभराच्या आकाशदर्शनाला येणारी मंडळी सकाळच्या गाडीने निवांत घरी जातात, ती त्यामुळेच.

आमच्या भागातल्या गोदामांत आणि कारखान्यांत कंत्राटावर राबणाऱ्या पोरांची साप्ताहिक सुट्टी मात्र कंत्राटदाराच्या लहरीवर फिरते. बारा तासांची पाळी संपवून आलेला मुलगा दुर्बिणीपाशी रांगेत उभ्याउभ्या पेंगतो. त्याला आम्ही पुढे घेतो. रांगेतले कोणी कुरकुरत नाही.

२०२५ च्या २३ मार्चला पृथ्वी कड्यांच्या पातळीत आली, पण शनी तेव्हा सूर्याजवळ असल्याने ते पाहता आले नाही. नोव्हेंबरात कडे पुन्हा सुईसारखे बारीक झाले होते. बरेच जण निराश झाले. चित्रातला शनी हा नव्हेच, म्हणाले. आम्ही त्यांना गॅलिलिओचे १६१२ साल सांगितले. आता कडी वर्षावर्षाने उघडत जातील, २०३२ च्या सुमारास पुरी उघडतील, आणि २०३८ साली पुन्हा धारेवर येतील.