रावसाहेबांचं मराठी : पु. ल. देशपांडे, बेळगाव आणि एक आवाज

मागच्या भागात आपण बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्राबद्दल बोललो होतो. आजही बेळगाव सोडायचं नाही, फक्त बंदूक जरा खाली ठेवायची.

विषय कसा सुचला ते आधी सांगतो. मी राहतो बेंगळुरूच्या महादेवपुऱ्यात. गरुडाचारपाळ्याहून व्हाइटफील्डकडे जाणाऱ्या मेट्रोत चढलात, तर दहातल्या आठ जणांच्या कानात काहीतरी खोचलेलं असतं. आमच्या सोसायटीतला एक मराठी मुलगा, सॉफ्टवेअरमध्ये आहे, मला म्हणाला, "काका, आता एकच माणूस विनोद लिहितो, स्वतः स्टेजवर सादर करतो आणि वर पॉडकास्टही चालवतो. तुमच्या काळात असं नव्हतं." मी म्हटलं, "बाळा, चहाला ये." दीड तास बसवून घेतला त्याला. ते बोलणं जरा नीट करून आज तुमच्यापुढे ठेवतो.

पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे. जन्म मुंबईत, ८ नोव्हेंबर १९१९ चा. चित्रपटांबद्दल थोडक्यात सांगून पुढे जातो. १९५३ च्या 'गुळाचा गणपती'त कथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका, सगळं त्यांचंच. त्यात भीमसेन जोशींचं गाणं आहे आणि भीमसेनजी मूळचे गदगचे, हे इथल्या कन्नड मित्रांना सांगितलं की त्यांची कॉलर ताठ होते. एवढं यश हाताशी असताना पुलंनी चित्रपटाचं जग सोडलं. १९५५ मध्ये ते आकाशवाणीत नोकरीला लागले.

माझ्या मते खरी कलाटणी इथे आहे. पुलंवर बोलणारे 'व्यक्ती आणि वल्ली'बद्दल बोलतात, नाटकांबद्दल बोलतात, आकाशवाणीचा उल्लेख मात्र एका ओळीत उरकतात. विचार करा, रेडिओ माणसाला काय शिकवतो? ऐकणाऱ्याला पान मागे उलटता येत नाही. वाक्य एका दमात कळलं पाहिजे. चेहरा नाही, मिशी नाही, धोतर नाही. मग दहा माणसं दहा आवाजांतून वेगळी ओळखू आली पाहिजेत, आणि कुठे थांबायचं हे शब्दाइतकंच महत्त्वाचं ठरतं. आम्हाला वायरलेसवर बोलायला शिकवायचे तेव्हा पहिला धडा हाच असायचा. समोरच्याला तुम्ही दिसत नाही, हे एक क्षणही विसरायचं नाही.

पुढे पुलं दूरचित्रवाणीच्या प्रशिक्षणासाठी लंडनला बीबीसीत गेले. १९५९ साली दिल्लीत दूरचित्रवाणी सुरू झाली, तेव्हाच्या पहिल्या माणसांत ते होते. पडद्यावर पंडित नेहरूंची पहिली मुलाखत घेण्याचा मानही त्यांच्याच नावावर सांगितला जातो. मग १९६१ च्या सुमारास 'बटाट्याची चाळ' रंगमंचावर आली. पुस्तक आधीच लोकांच्या घरात होतं, तरी तिकिटाला रांगा लागत. छापलेलं वाचलेलं असूनही तेच ऐकायला लोक का येतात? चाळीतली सगळी बिऱ्हाडं एकट्या माणसाच्या गळ्यात राहत होती म्हणून. रेडिओनं तयार केलेला गळा होता तो.

सुनीताबाईंचा उल्लेख इथे केलाच पाहिजे. पलटणीत कमांडिंग ऑफिसरचं नाव होतं, पण पलटण चालवतो ॲडज्युटंट. सुनीताबाई त्या ॲडज्युटंट. प्रयोगाची शिस्त, हिशेब, पुस्तकांचे हक्क, सगळं त्या बघत. आणि आलेला पैसा वाटून टाकण्यातही त्या बरोबरीनं होत्या. १९८६ मध्ये पुण्यात व्यसनमुक्तीसाठी 'मुक्तांगण' उभं राहिलं त्यामागे या दोघांची देणगी होती. नटाचा पैसा तिथे जातो, हे ऐकून मला तेव्हा नवल वाटलं होतं.

आता बेळगाव.

आकाशवाणीत येण्याआधी पुलं बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात मराठी शिकवत होते. तिथे त्यांना एक गृहस्थ भेटले, ते 'रावसाहेब' या नावानं मराठी घराघरात पोहोचले. 'गणगोत'मध्ये तो लेख आहे. रावसाहेब कानडी मुलखातले, नाटक-गाण्याचे शौकीन, तोंडात शिव्या, मन मोठं. आणि त्यांचं मराठी! लिंगाचा पार बोऱ्या वाजलेला.

असं का होतं, ते बेंगळुरूत राहून मला कळलं. कन्नडमध्ये माणसं तेवढी पुल्लिंगी किंवा स्त्रीलिंगी. खुर्ची, गाडी, भिंत, भाकरी सगळं नपुंसकलिंगी. आपल्याकडे खुर्ची बाई, पलंग बुवा, टेबल नपुंसक. त्याला नियम काय? काही नाही, पाठांतर. कन्नड बोलणाऱ्यानं का म्हणून पाठ करावं? चूक त्याची नाही, घोळ आपलाच आहे.

काळही लक्षात घ्या. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली आणि बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. मोर्चे, तुरुंगवास, पुढे महाजन आयोग. सीमेच्या दोन्ही बाजूंना कडू बोललं जात होतं. अशा वर्षांत एक मराठी लेखक कानडी वळणाचं मोडकं मराठी बोलणारा माणूस उभा करतो, आणि महाराष्ट्र त्या माणसावर जीव टाकतो. मी सैनिक आहे, सीमेचा निकाल मी देणार नाही. पण ही गोष्ट मला लहान वाटत नाही.

आता माझी एक गोष्ट, जी मी या मालिकेत कधी सांगितली नाही. १९८० च्या दशकातली. मी नवा कॅप्टन. आमच्या कंपनीत बेळगाव जिल्ह्यातले एक सुभेदार होते, घरी कानडी, पलटणीत मराठी. "रायफल साफ झालं साहेब, गाडी आलं साहेब." बडाखान्याच्या रात्री मी स्टेजवर चढून त्यांची नक्कल केली. जवान पोट धरून हसले. सुभेदार साहेबही हसले. दुसऱ्या दिवसापासून ते माझ्याशी हिंदीत बोलायला लागले. पूर्ण अदबीनं, सॅल्यूट कडक, आणि फक्त हिंदीत. त्यांची बदली होईपर्यंत त्यांच्या तोंडून एक मराठी शब्द माझ्यासाठी निघाला नाही. मी माफी मागितली नाही. ऑफिसरनं कसली माफी मागायची, असं वाटायचं वय होतं.

काही वर्षांनी उत्तरेकडच्या एका चौकीवर हिवाळा काढत होतो. रजेवरून आलेल्या कुणीतरी पुलंच्या कथाकथनाची कॅसेट आणली होती. थंडीनं बॅटऱ्या मान टाकायच्या, म्हणून त्या स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपायचं. त्या रात्री 'रावसाहेब' ऐकलं. लेख मी वाचलेला होता. वाचताना मी हसलो होतो तो माझाच आवाज लावून, म्हणजे बडाखान्यातलाच. कॅसेटवर तेच मोडकं मराठी, तीच लिंगं उलटीपालटी, पण बोलणारा रावसाहेबांच्या शेजारी बसलेला. शेवटी ते गेल्याचं सांगताना तो आवाज खाली येतो, आणि मग कळतं की आपण ज्याला हसत होतो त्याच्यासाठी आता गळा दाटलाय. बंकरमध्ये कुणी बोललं नाही. बेळगावकडचा एक नाईक होता, तो म्हणाला, "साहेब, पुन्हा लावा." बॅटऱ्या संपेपर्यंत लावली.

ज्याच्या हातात सत्ता आहे त्याच्याशी पुलंचा आवाज वेगळा लागे, हेही सांगायला हवं. आणीबाणीनंतर १९७७ च्या निवडणुकीत हा हसवणारा माणूस जनता पक्षाच्या प्रचारसभांत उभा राहिला. तिथे विनोदाला धार होती. रावसाहेबांच्या वाट्याला ती धार कधी आली नाही. मी नेमकं उलटं केलं होतं. वरच्यांपुढे टाचा जुळवायच्या आणि हाताखालच्याची नक्कल करायची.

पुलं १२ जून २००० ला पुण्यात गेले. त्यांचं लग्नही १२ जूनचंच, १९४६ सालचं.

माझी नात इथेच जन्मली. शाळेत कन्नड आणि इंग्रजी, देवनागरी वाचते ती अडखळत. "आजोबा, ते खुर्ची मोडलं," असं म्हणते. आमच्या घरी आलेले पाहुणे तिला हसतात, प्रेमानंच हसतात, पण ती मग इंग्रजीवर जाते. ते बघितलं की मला सुभेदार साहेबांचं हिंदी आठवतं. गेल्या महिन्यात तिला मोबाईलवर 'रावसाहेब' लावून दिलं. शिव्या येतात तिथे तिची आई माझ्याकडे बघत होती, मी खिडकीकडे बघितलं. नातीनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "आजोबा, हे माझ्यासारखंच बोलतात. पण हे सांगणारे काका त्यांना चिडवत नाहीत ना?"

मी म्हटलं, "नाही."

"मग पुन्हा लावा."

पुढच्या भागात बेळगावहून खाली उतरून कारवारच्या बंदराकडे जाऊ. तोवर, जय हिंद.