ससाणे, बदके आणि तळे

फेब्रुवारी सरत आला, की कळंबा किंवा रंकाळ्यासारख्या तलावाच्या उथळ काठाशी सकाळी तासभर बसावे. पाणकणसांवरून दलदल-भोवत्या हा शिकारी पक्षी पंख किंचित वर धरून संथपणे तरंगत येतो. थापट्या, तलवार बदक अशी बदके पाण्यावरून थेट उसळून उडतात. वारकऱ्याला मात्र उडण्यापूर्वी पाण्यावर धावावे लागते. म्हणून वारकरी पुष्कळदा एकमेकांना बिलगून राहतात. एकट्या पक्ष्यावर झडप घालणे सोपे, घोळक्यावर अवघड. हे दृश्य माणसाने निरनिराळ्या काळी निरनिराळ्या हेतूंनी पाहिले आहे.

दख्खनच्या पठारावर नैसर्गिक सरोवरे फार थोडी. आपली पाणथळ जागा म्हणजे बहुधा माणसाने अडवलेले पाणी. कोल्हापूरचा शिलाहार राजा गंडरादित्य याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात मिरज प्रांतात गंडसमुद्र नावाचा तलाव बांधला व काठावर शिव, बुद्ध आणि जिन यांच्या मूर्ती स्थापल्या. तलाव माणसांसाठी होता. अशा पाण्यावर पक्षी न बोलावता येतात. त्याच शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा (कारकीर्द ११२७ ते ११३८) याने ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ससाण्यांकरवी करायच्या शिकारीवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. ससाणा शिकवायचा तर त्याच्या सवयी जाणाव्या लागतात. हे ज्ञान निरीक्षणातूनच आले, पण शिकारीसाठी.

पुढे बंदूक आली. जखमी बदके भोवत्या पळवतो, म्हणून शिकारी त्याच्यावर चिडत. ही बदके येतात कोठून, याचे खात्रीचे उत्तर मिळण्यासाठी पायात क्रमांकाचे कडे घालावे लागले. १९२६ मध्ये धार संस्थानात हे काम सुरू झाले. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलातला ताप आढळला. त्याचा विषाणू रशियातील एका रोगाच्या विषाणूशी मिळताजुळता होता. मग गोचिडी पक्ष्यांबरोबर आल्या काय? या शंकेमुळे १९५९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली मोठ्या प्रमाणावर कडी घातली गेली. सैबेरिया आणि मध्य आशियाशी असलेले आपल्या तळ्यांचे नाते त्यातून पक्के झाले.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर बंदुकीची जागा दुर्बिणीने घेतली. १९८७ पासून दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते. पूर्वी पडलेले पक्षी मोजत, आता जिवंत मोजतात. भोवत्याला पाणकणसे हवीत, बदकांना उथळ पाणी. काठ बुजवला, सांडपाणी सोडले, जलपर्णी माजली, तर तळे नकाशावर राहते, पण त्याचा काठ मरतो.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांसह जानेवारी, फेब्रुवारी व मार्चमध्ये एकाच जागी, एकाच वेळी गणना करावी. काही दिसले नाही तर शून्य लिहावे. पुढच्या पिढीला आपल्या तळ्याचा इतिहास लिहायचा असेल, तर ते शून्यही लागेल.