‘सेवारोध’ या शब्दाविषयी
* येथे ‘सेवारोध’ म्हणजे चोरी नव्हे, खोळंबा. नॉर्वेतील ‘व्हेर्डेन्स गांग’ या वृत्तपत्राच्या संकेतस्थळासाठी २००६ साली सिद्ध झालेली ‘वार्निश’ ही आज्ञावली मूळ सर्व्हरच्या वतीने पाने स्वतःजवळ राखून वाचकांच्या हवाली करते. तिच्यात २०१७ च्या ऑगस्टात असा दोष उघडकीस आला की, तुकड्यातुकड्यांनी येणाऱ्या मागणीत तुकड्याचा आकार अवास्तव मोठा नमूद केला असता तिचा कार्यकारी भाग कोसळून नव्याने सुरू होई. दप्तरातील एक अक्षरही बाहेर जात नसे. मात्र साठवलेली सारी पाने नष्ट होऊन संपूर्ण बोजा मूळ सर्व्हरवर एकदम येऊन पडे, आणि खरा अनर्थ, माझ्या मते, हाच होता. ४.१.८ व ५.१.३ या आवृत्त्यांत हा दोष दूर करण्यात आला.