लॉजमधली खुर्ची आणि लॉजचे दार

मंडळी, फ्रीमेसन लॉजमधली पदे आपण आधी समजून घेऊ. प्रमुख म्हणजे वर्शिपफुल मास्टर. सूर्य पूर्वेला उगवतो, म्हणून त्याची खुर्ची पूर्वेला. सीनियर वॉर्डन पश्चिमेला, ज्युनिअर वॉर्डन दक्षिणेला. तिघांची पदचिन्हे गवंडीकामातली आहेत: गुण्या, पाणसळ आणि ओळंबा. याशिवाय चिटणीस, खजिनदार असतात आणि दाराबाहेर तलवार घेतलेला टायलर.

१७२३ साली लंडनला छापलेल्या अँडरसनच्या घटनेत दोन गोष्टी स्पष्ट आहेत. पद मिळेल ते योग्यतेवर, आणि वॉर्डन झाल्याशिवाय मास्टर होता येणार नाही. म्हणजे कोणालाही पायरी चुकवता येत नाही!

पण पायऱ्या चढायच्या तर आधी आत यायला हवे ना? आपल्या मुंबईत अडचण तीच होती. माणकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना दीक्षा घ्यावी लागली ती पॅरिसमध्ये. पुढे १८४३ मध्ये डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने, हिंदी लोकांना प्रवेश मिळावा म्हणून, ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज स्कॉटिश ग्रँड लॉजखाली सुरू झाले.

याचे महत्त्व काय? तर एकदा सभासद झाला, की पूर्वेच्या खुर्चीपर्यंतची वाट त्याच्यासाठीही नियमानेच मोकळी होते. स्त्रियांना मात्र हे दार बंदच राहिले. आणि याच माणकजींनी १८६३ मध्ये मुंबईत मुलींसाठी इंग्रजी शाळा काढली. तेव्हा कुठल्याही संस्थेत खुर्चीवर कोण बसले हे पाहताना, दारातून कोणाला परत पाठवले हेही आपण विचारले पाहिजे.